विज्ञानकथा लिहिणाऱ्याने काय वाचावे?

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून) :

«मी चौतीस वर्षांची असून कृष्णाकाठच्या एका शहरातील जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. शिक्षण रसायनशास्त्रातील बी.एस्सी. अकराव्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयात विज्ञानकथांचे एक पुस्तक हाती लागले आणि तेव्हापासून आधी मराठीत, नंतर इंग्रजीत मिळेल ती विज्ञानकथा मी वाचत आले. गेल्या तीन वर्षांत चार कथा लिहिल्या: एक मंगळावरच्या वसाहतीची, एक काळप्रवासाची, दोन यंत्रमानवांच्या. त्यांतली एक स्पर्धेला पाठवली, तिचे पुढे काही कळले नाही. आता लिहायला बसले की प्रत्येक कल्पना कुठेतरी वाचलेली वाटते. यजमान म्हणतात, काही दिवस वाचनच बंद करून बघ. शिवाय मी शास्त्रज्ञ नाही. जयंत नारळीकरांसारख्यांनी हाताळलेल्या प्रकारात मी लुडबुड करावी का, असा संकोच वाटतो. पाळ्यांची नोकरी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाईंचे आजारपण यांतून सलग वेळही मिळत नाही. वाचन थांबवू का? की लिहिण्याचा हट्टच सोडून देऊ?»

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमची अडचण कळली आणि दुसऱ्या वाचनात पत्रात काय आलेले नाही ते लक्षात आले. जलशुद्धीकरण केंद्राचा उल्लेख पहिल्याच वाक्यात येतो आणि तिथेच संपतो. त्यानंतर मंगळ आहे, यंत्रमानव आहेत, वाचलेली पुस्तके आहेत. पण ज्या प्रयोगशाळेत तुम्ही दिवसाचे आठ तास उभ्या असता तिच्याविषयी एक ओळही नाही. तुमच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ मला या गाळलेल्या ओळीत दिसते.

आधी तुमच्या यजमानांच्या सूचनेविषयी. त्यांनी ती काळजीपोटीच केली असणार, तरीही वाचन थांबवू नका. लिहिणाऱ्याचे वाचन बंद पडले की चार-सहा महिन्यांत त्याची भाषा आटू लागते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. मात्र पुढचे सहा महिने विज्ञानकथा तेवढ्या बाजूला ठेवा आणि बाकीचे सर्व वाचा. विज्ञानकथा वाचून विज्ञानकथेची आवड लागते, तिची घडण कळते, पण पुढची कथा बहुधा तिथून येत नाही. ती विज्ञानकथेच्या बाहेरच्या वाचनातून आणि स्वतःच्या कामातून येते. तुम्ही नारळीकरांचे नाव घेतले आहे, तर त्यांच्याच उदाहरणाने हे सांगतो.

जयंत विष्णू नारळीकरांचा जन्म 1938 मध्ये कोल्हापूरचा, पण ते वाढले बनारसला. वडील विष्णुपंत बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात लिहिण्याचे फळे लावलेले होते आणि घरी राहायला आलेले मोरूमामा त्यांतल्या एका फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत फळा पुसला जात नसे. पुढे केंब्रिजला त्यांचे गुरू झाले फ्रेड हॉयल. हॉयल मोठे खगोलशास्त्रज्ञ तर होतेच, पण त्यांची पहिली विज्ञान कादंबरी, सूर्याला झाकून टाकणाऱ्या एका विचारी मेघाची, 1957 मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि त्याच वर्षी नारळीकर केंब्रिजला पोहोचले होते. म्हणजे संशोधन आणि कथालेखन एकाच टेबलावर चालू शकते, हे त्यांना रोज समोर दिसत होते. आता एवढेच पाहिले तर वाटेल की अशा गुरूचा शिष्य तशाच गोष्टी लिहिणार. नारळीकरांनी काय लिहिले ते मात्र पाहा.

त्यांच्या पुस्तकांची नावेच घ्या. यक्षांची देणगी, वामन परत न आला, अंतराळातील भस्मासुर. ही नावे केंब्रिजची नव्हेत, बनारसच्या घरातली आहेत. ज्या मुलाने आईकडून पुराणकथा ऐकल्या, त्यालाच तीन पावलांत सगळे व्यापणाऱ्या बटूमध्ये यंत्राच्या वाढत्या बुद्धीची गोष्ट दिसू शकते. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत अवकाशाच्या भूमितीतला एक पीळ आहे, ज्यातून गेलेली वस्तू आरशातल्यासारखी उलटी होऊन परत येते. गणितात ही कल्पना जुनी आहे आणि जगातल्या कुठल्याही लेखकाला ती उपलब्ध होती. पण गणपतीची सोंड डावी की उजवी याचे महत्त्व ज्या घरात मानतात तिथल्याच माणसाला ती अशी दिसली, आणि जोडीला क्रिकेटचे वेड होते म्हणून कथेत गोलंदाजही आला.

याहून अधिक बोलके उदाहरण 'गंगाधरपंतांचे पानिपत'चे आहे. या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतात जिथे इतिहास वेगळ्याच वाटेने गेलेला आहे. असे झाले तर सामान्य लेखक आपल्या नायकाला रस्तोरस्ती हिंडवील, विचित्र वाहने दाखवील. गंगाधरपंत थेट टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहासाचे ग्रंथ एकापाठोपाठ एक उघडून, आपल्याला माहीत असलेला इतिहास नेमका कोणत्या दिवशी फुटला त्याचा माग काढतात. तो दिवस निघतो 14 जानेवारी 1761, आणि तो क्षण निघतो विश्वासरावांना लागायची गोळी चाटून गेल्याचा. भाऊसाहेबांची बखर कथेत येते आणि तिचे एक फाटके पान हाच पुढे एकमेव पुरावा उरतो. कथेतले विज्ञान पुंजयांत्रिकीचे (क्वांटम मेकॅनिक्सचे) आहे, पण कथेचा जीव बखरीत आहे. केवळ भौतिकशास्त्र वाचणाऱ्याला ही कथा सुचली नसती आणि केवळ विज्ञानकथा वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. मला ही मराठीतल्या उत्तम कथांपैकी एक वाटते, आणि इथे 'विज्ञानकथांपैकी' असे मी मुद्दाम म्हणत नाही.

«प्रत्येक कल्पना कुठेतरी वाचलेली वाटते» असे तुम्ही लिहिता. ती तशी असणारच. पृथ्वीवर धूमकेतू आदळण्याची कल्पना नारळीकरांनी कथेत घेतली तेव्हा ती चांगलीच जुनी झाली होती. त्यांनी ती एका हौशी आकाशनिरीक्षकाच्या घरात आणली. धूमकेतू त्यानेच शोधलेला. संकट टाळण्यासाठी शास्त्रज्ञ गुप्तपणे एक मोहीम आखतात, आणि इकडे घरात बायको शांतीसाठी यज्ञ मांडते. संकट टळल्यावर घरच्यांच्या लेखी श्रेय कोणाला जाते, हे तुम्ही वाचलेलेच असेल. धूमकेतू सर्वांचा आहे. तो यज्ञ, तो नवरा आणि त्याला आलेली हतबलता ही त्या लेखकाची आहे. तेव्हा कल्पना वापरलेली आहे का, हे तपासत बसण्यात वेळ घालवू नका. ती कोणाच्या घरात शिरते आहे आणि ते घर तुम्ही आतून पाहिले आहे का, हे तपासा. मंगळावरची वसाहत तुम्ही पुस्तकांतच पाहिली, म्हणून ती लिहिताना तुम्हाला पुस्तकेच आठवतात. यात तुमच्या प्रतिभेचा दोष नाही.

मग वाचायचे काय? पहिल्यांदा तुमच्या केंद्रातल्या नोंदवह्या वाचा. मी हे अगदी मनापासून सांगतो आहे. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातला गढूळपणा, तुरटीची रोजची मात्रा, क्लोरिनच्या नोंदी, कोणत्या रात्री पंप बंद पडले, कोणत्या वर्षी उन्हाळ्यात पाण्याला वास आला, हे सगळे त्यांत असेल आणि जुन्या वह्या कोणी जपल्या असतील तर एका नदीचे चरित्रच तुमच्या कपाटात पडून असेल. तुमच्या भागाने 2005 चा आणि 2019 चा महापूर पाहिला आहे. चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, ही परिस्थिती कृष्णाकाठच्या माणसाला कोणी कल्पून सांगावी लागत नाही. त्यानंतर तुमच्या जिल्ह्याचे जुने गॅझेटियर वाचा, नदीकाठच्या घाटांचा आणि गावांचा इतिहास वाचा, साथीच्या रोगांचा इतिहास वाचा, कारण पिण्याच्या पाण्याचे शास्त्र पटकीच्या साथींमधूनच उभे राहिले आहे. मराठीत चालू विज्ञानाचे वाचन हवे असेल तर 1928 पासून निघणारे 'सृष्टिज्ञान' आहे, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे. महिन्याला यांतले दोन लेख नीट, पेन्सिल घेऊन वाचले तरी पुरे. आणि ज्यांत विज्ञान औषधालाही नाही अशा चांगल्या ललित कथा वाचा, कारण माणसे कशी बोलतात, गप्प कशी होतात, हे तिथेच शिकायला मिळते आणि विज्ञानकथेत सर्वांत आधी नेमके तेच कच्चे राहते.

आता तुमच्या संकोचाविषयी. नारळीकरांना स्वतःलाही कथालेखक म्हणून उतरताना संकोच वाटला होता, फक्त तो उलट दिशेचा होता. 1974 मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, देशभर नाव झालेले होते, पद्मभूषण मिळून नऊ वर्षे उलटली होती. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना त्यांनी समोरच्या कागदावर एक कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केलेली होती. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप असे नाव घेतले, आणि हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. ती कथा 'कृष्णविवर'. तिला पहिले बक्षीस मिळाले, आणि पुढे तुमच्याच नदीच्या काठी, कराडच्या 1975 च्या साहित्य संमेलनात, अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी तिची दखल घेतली. त्यानंतर 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याकडून कथा मागून घेतल्या. 2021 मध्ये हेच गृहस्थ नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते.

या हकिगतीत मला महत्त्वाचे वाटते ते असे की, शास्त्रज्ञ म्हणून मिळालेले वजन ज्याच्यापाशी भरपूर होते, त्याने कथेचा न्याय होताना ते वजन पारड्यातून स्वतः काढून घेतले. कथेला तुमची पदवी ठाऊक नसते. अरुण साधू पत्रकार होते, त्यांनी 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोहोचवला, ते काही प्रयोगशाळेतले नव्हते. तुम्ही तर रोज प्रयोगशाळेत उभ्या असता. शास्त्रज्ञ नसल्याचा संकोच सोडा. त्याऐवजी जेवढे विज्ञान कथेत घ्याल तेवढे चोख असले पाहिजे, याची धास्ती मात्र अवश्य बाळगा.

लिहिण्याच्या रीतीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते. गढूळ पाण्याला तुरटी किती लागेल हे ठरवण्यासाठी तुम्ही जार टेस्ट करता. सहा बीकरमध्ये तेच पाणी, प्रत्येकात तुरटीची मात्रा वेगळी. आधी जोरात, मग सावकाश ढवळून सगळे स्थिर ठेवायचे आणि कोणत्या बीकरमध्ये गाळ नीट धरून खाली बसतो ते पाहायचे. कथेची कल्पना अशीच तपासता येते. एकच बदल गृहीत धरा, बाकी जग आहे तसेच राहू द्या, आणि त्या बदलाची मात्रा कमीजास्त करून पाहा. समजा, असा एक पदार्थ सापडला की ज्याच्या चिमूटभराने कितीही घाण पाणी दहा मिनिटांत पिण्याजोगे होते आणि पाण्यात त्याचा मागमूसही उरत नाही. तो एकट्या तुमच्या केंद्रापुरता असेल तर ती गुपिताची कथा होईल. तो महाग असेल तर विषमतेची होईल. तो मिठाच्या भावाने घरोघर मिळू लागला तर काय होईल? केंद्र बंद पडेल, पाळीवरची माणसे घरी बसतील, एवढे कोणालाही सुचते. पण आणखी थोडे थांबून गाळ खाली बसू दिला तर दिसेल की, पाणी कसेही असले तरी ते घरात स्वच्छ होतेच म्हटल्यावर नदीत काय सोडले जाते याची चिंता कोणीच करणार नाही आणि शुद्ध पाणी पिणाऱ्या माणसांच्या डोळ्यांदेखत नदी मरून जाईल. ही कल्पना तुम्हीच घ्यावी असा माझा आग्रह नाही. मात्र सेटलिंग टँकच्या काठावर उभी राहणारी लेखिका ती मंगळावरच्या वसाहतीपेक्षा दसपट जिवंत करील, याची मला खात्री आहे.

याच ओघात भाषेचे. केंद्रातली माणसे जे शब्द वापरतात तेच ठेवा. गाळण उलट्या प्रवाहाने धुवायची वेळ झाली की ऑपरेटर «बॅकवॉश घ्यायचा आहे» म्हणत असेल तर कथेत त्याच्या तोंडी अवघड संस्कृत प्रतिशब्द घालू नका. पाण्यातला क्लोरिन तपासण्याच्या चाचणीला गावात ओटी टेस्ट म्हणतात तर ओटी टेस्टच लिहा, आणि पाणी पिवळे झाले की त्यात क्लोरिन आहे हे वाचकाला त्या रंगावरून कळू द्या. नवा मराठी शब्द घडवायचाच असेल तर तो कृष्णविवरासारखा हवा, ऐकताक्षणी डोळ्यांसमोर चित्र उभे करणारा. आणि एखादा प्राध्यापक विद्यार्थ्याला दोन पाने विज्ञान समजावून सांगतो, हा प्रसंग तुमच्या चार कथांत कुठे असेल तर तो काढून टाका. मराठी विज्ञानकथेचे सर्वांत जास्त नुकसान त्या प्राध्यापकाने केले आहे.

वेळेचा प्रश्न खरा आहे आणि त्याला कोणाच्या उदाहरणाने उत्तर देणे थोडे धाडसाचे आहे, कारण आजारी माणूस तुमच्या घरात आहे. तरीही ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेविषयी तुम्हाला माहीत असावे असे वाटते. तिचा जन्म 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात झाला. वडील लवकर गेले. आई लोकांच्या घरी काम करीत असे आणि तिथे टाकून दिलेली पुस्तके मुलीसाठी उचलून आणीत असे. मुलीला अक्षरे नीट लागत नसत, तिचे वाचन संथ होते, तरी ग्रंथालय हाच तिचा मुक्काम असे. बारा वर्षांची असताना तिने दूरचित्रवाणीवर एक सुमार विज्ञानपट पाहिला आणि यापेक्षा बरे मी लिहीन, असे तिला वाटले. मोठेपणी तिने भांडी धुण्याची, दूरध्वनीवरून माल विकण्याची, बटाट्याचे वेफर तपासण्याची कामे केली, आणि कामावर जाण्याआधी रात्री दोन वाजता उठून ती लिहीत असे. स्फूर्तीपेक्षा सवय जास्त भरवशाची, असे ती नव्या लेखकांना सांगे. 1979 मध्ये तिची 'किंड्रेड' ही कादंबरी आली. तिच्यात विसाव्या शतकातली एक कृष्णवर्णीय स्त्री गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. त्यासाठी बटलरने गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची आत्मकथने वाचली आणि मेरीलँडला जाऊन ती भूमी पाहिली. काळप्रवासाचे यंत्र तर त्या कादंबरीत नाहीच. 1995 मध्ये तिला असाधारण प्रतिभेच्या व्यक्तींना अमेरिकेत दिली जाणारी मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. विज्ञानकथालेखकाला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

तुम्ही रात्री दोन वाजता उठावे असे मी सुचवणार नाही. पाळीच्या नोकरीत झोप हे औषध आहे आणि सासूबाईंचे करताना तुमची तब्येत बिघडली तर सगळेच अडेल. पण बटलरच्या दिनक्रमातली एक गोष्ट घेण्याजोगी आहे: तिने सलग वेळाची वाट पाहिली नाही. जार टेस्टमध्ये ढवळून झाल्यावर गाळ बसेपर्यंत तुम्हाला थांबावेच लागते. त्या वेळात कामाकडे लक्ष ठेवूनही एका छोट्या वहीत पाच-सहा ओळी होतात. त्या कथेच्याच असाव्यात असे नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरने सांगितलेला किस्सा, पहाटे नदीला येणारा वास, मुलाने पाण्याविषयी विचारलेला प्रश्न, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, दीड तास यजमानांकडून मागून घ्या. वाचन बंद करून बघ म्हणणाऱ्या माणसाला तुमच्या लिहिण्याची कळकळ आहे, म्हणजे तो दीड तास मुलाला आणि आईला सांभाळायलाही ते तयार होतील. नाही झाले तर त्यांना हा मजकूर दाखवा.

राहिली ती स्पर्धेला पाठवलेली कथा. आयोजकांना एक साधे पत्र लिहून निकालाची चौकशी करा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. महिन्याभरात उत्तर आले नाही तर ती कथा मोकळी झाली असे समजा, तिच्यातला प्राध्यापक काढा आणि ती दिवाळी अंकाकडे पाठवा. दिवाळी अंकांसाठी साहित्य उन्हाळ्यातच मागवायला सुरुवात होते, हे ध्यानात असू द्या. आणि वहीतून पाचवी कथा तयार झाली, ज्यात तुमची नदी आणि तुमचे केंद्र आहे, तर तिची एक प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी ती वाचेन आणि काय वाटले ते सविस्तर कळवीन.